मोकळी भिंत, भरलेली कोठी

फोंड्याच्या बाजारातलं आमचं दुकान आजोबांनी सुरू केलं, बाबांनी वाढवलं आणि आता मी सांभाळते. कोकमाची सोलं, तिरफळं, खोलची आणि हरमलची मिरची, उकडे तांदूळ, अळसांदे, कुळीथ, माडाचा गूळ, आगरातलं जाडं मीठ, काजू, पापड, लोणची आणि हंगामात फणसाचं साट. गोव्याच्या रांधणीला जे रोज लागतं आणि मोठ्या सुपरमार्केटात शोधत फिरावं लागतं, तेच आमचं खरं भांडवल. पण गेल्या काही वर्षांत या मालाभोवती दुसरंच काही साचत गेलं होतं. शीतपेय कंपनीचा लखलखता फ्रीज, छताला लटकलेल्या वेफर्सच्या माळा, शांपूच्या पुड्या, मोबाइल रिचार्जचे स्टिकर, बिस्किटांच्या कंपन्यांनी फुकट लावून दिलेले लाल-पिवळे बोर्ड. सोलांचं पोतं पायाशी असायचं आणि गिऱ्हाईक विचारायचं, ‘सोलं मिळतात का हो तुमच्याकडे?’

दुकान नव्याने करायचं ठरलं ते या प्रश्नामुळे. आमच्याकडे आलेल्या माणसाला आमचा माल दिसावा, एवढंच मला हवं होतं.

माझी मावसबहीण पणजीत इंटिरियरचं काम करते. तिने पहिल्या भेटीत फोटोंचा ढीगच दाखवला: पांढऱ्या भिंती, एक लांब टेबल, त्यावर चार पाव आणि मागे कोणी नाही. फोटो सुंदर होते, पण फोंड्यात असं दुकान उघडलं तर लोक बाहेरूनच विचारतील, ‘कधी सुरू करणार?’ मला त्या गठ्ठ्यात खरी कामाची वाटली ती मुजी या जपानी कंपनीची सुरुवातीची गोष्ट. १९८० साली त्यांनी ४० वस्तू घेऊन सुरुवात केली आणि त्यातल्या ३१ खाण्याच्या होत्या. त्यातली एक म्हणजे तुटलेली, वाकडीतिकडी सुकी शिताके अळंबी. चवीला तीच, पण आकाराने एकसारखी नाही म्हणून बाजूला पडणारी. साधं वेष्टन, त्यावर माल स्वस्त का आहे याचं कारण छापलेलं. ज्याला आज आपण ‘मिनिमल’ म्हणून मिरवतो त्याच्या एका मोठ्या नावाची सुरुवात अशी वाणसामानातून झाली, हे वाचून मला धीर आला. आमच्याकडेही तुकडा काजू आहेच की. एका पौंडात १८० बसणारे मोठे काजू वेगळे, ३२० बसणारे वेगळे, आणि फुटलेले पाकळी-तुकडा वेगळे. मसाला वाटायला तुकडा काजूच घ्यावा, हे आमच्या आईने शेकडो सुनांना काउंटरवरून सांगितलेलं आहे. आता तेच तुकड्याच्या बरणीवर लिहिलेलं असतं.

आराखड्याच्या आधी बहिणीने मला बिलबुकं काढून बसवलं. कोणती वस्तू महिन्यात किती वेळा विकली जाते, कोणती नुसती धूळ खाते. याच सुमारास तिने जॅमच्या बरण्यांचा तो प्रसिद्ध प्रयोग सांगितला. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात कधी २४ प्रकारचे जॅम चवीला मांडले, कधी फक्त ६. चोवीसांपाशी लोक जास्त थांबले, पण थांबलेल्यांपैकी विकत घेतलं जेमतेम ३ टक्क्यांनी, आणि सहांपाशी थांबलेल्यांपैकी ३० टक्क्यांनी. ऐकायला फार पटतं. पण मी पुढचंही वाचलं. २०१० साली अशा ५० प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. म्हणजे वस्तू कमी केल्या की विक्री वाढते असा काही नियम नाही. आम्ही आकड्यावर बोट ठेवून माल कमी केला नाही. तिरफळं महिन्यातून मोजकीच जातात, पण बांगड्याच्या उडदमेथीला ती दुसरीकडे कुठे शोधणार? ती राहिली. शांपू गेला. वेफर्स गेले. फ्रीज परत नेण्यासाठी कंपनीच्या माणसाला पुन्हा पुन्हा फोन करावे लागले, पण तोही गेला.

खरी बोलणी बाबांशी होती. त्यांचं म्हणणं साधं आणि अनुभवाचं होतं. ‘रिकामी फळी दिसली की गिऱ्हाईक समजतं, दुकान बसलं. भरलेलं दुकान ही लक्ष्मी असते, बाय.’ मी ते खोडून काढलं नाही, कारण ते खरं आहे. पुरुमेंताच्या दिवसांत, मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी करायला लोक येतात तेव्हा त्यांना पोती दिसली पाहिजेत. ज्याच्याकडे साठा आहे त्याच्याकडूनच माणूस साठा घेतो. मग मध्यम मार्ग असा निघाला की प्रत्येक जिन्नस भरघोस दिसेल, पण एकदाच. मिरचीची एकच टोपली, पण शिगोशीग. आधी तोच माल चार ठिकाणी चार आकाराच्या पिशव्यांत विखुरलेला असायचा आणि कुठेच भरलेला वाटायचा नाही. बाबांनी टोपल्या भरलेल्या पाहिल्या आणि मान हलवली.

यातून पैशाची सगळी मांडणीच बदलली. पुढचं दुकान शांत दिसायचं तर मागची कोठी आधी नीट हवी. पुढे एक टोपली म्हणजे मागे तिची पाच पोती, जमिनीपासून उंच, भिंतीपासून सुटी, हात घातला की सापडतील अशी. आमच्या खर्चाचा मोठा वाटा अशा ठिकाणी गेला जिथे गिऱ्हाईक कधी पाऊल टाकत नाही. लोखंडी रॅक, उंदीर शिरू नये म्हणून खिडक्यांना बारीक जाळी, पोत्यांखाली लाकडी पाट, हवा खेळावी म्हणून समोरासमोर दोन पंखे. पुढच्या फोटोंवर भाळून दुकान करायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी हेच विचारते की तुमची कोठी कुठे आहे? ती नसेल तर महिन्याभरात खोकी काउंटरखालून डोकावायला लागतात आणि सगळी शोभा जाते.

आमच्या मेस्तांनाही, म्हणजे सुतारांनाही, पहिला प्रश्न हाच पडला होता. आराखडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, ‘सगळें बरें, पूण माल खंय दवरतलीं तुमी?’ कोठीचा नकाशा पुढे केल्यावरच त्यांनी माप घ्यायला टेप बाहेर काढली.

भिंतींचं काम सगळ्यात रेंगाळलं आणि तेच मला सगळ्यात आवडलं. दुकान चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं आहे. चिरा सच्छिद्र, आणि गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस. भिंत पाणी पितेच. मध्ये कधीतरी आतून सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइल पेंट चढवला गेला होता. त्यामुळे आत शिरलेला ओलावा बाहेर पडायला वाट शोधायचा, सोबत क्षार आणायचा, आणि दर पावसाळ्यात गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पोपडे धरायचे. त्या पोपड्यांसमोरच आम्ही इतकी वर्षं खोकी रचत होतो. तो गिलावा उतरवून चुन्याचा केला. चुन्याची भिंत ओलावा घेते आणि कोरड्या दिवसांत सोडूनही देते. शिवाय चुना चांगलाच अल्कलीयुक्त असल्याने ताज्या सफेदीवर बुरशी सहजासहजी धरत नाही. जुन्या गोव्यात तर शिंपले भाजून त्याचाच चुना करत. पण एक आहे, चुन्याला घाई चालत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत तो पुन्हा दगड बनतो, म्हणून पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग पुढचा. हे काम पावसाळा सरल्यावर, कोरड्या हवेतच काढायचं.

रंग मात्र पांढराशुभ्र ठेवला नाही. पहिले हात सुकल्यावर भिंत डोळ्यांवर यायला लागली आणि तिच्यासमोर उकडे तांदूळ मळके दिसायला लागले. मग शेवटच्या हातांत चिमूटभर पिवळी माती घातली. आता भिंत साधारण नारळाच्या दुधासारखी दिसते, आणि तिच्यापुढे तांबूस तांदूळ, काळसर सोलं, पिवळी हळद सगळं उठून दिसतं. काउंटरच्या मागे, जिथे हात लागतो आणि माल सांडतो, तिथे चार फुटांपर्यंत कडप्पा लावला, कारण खाण्याच्या दुकानात भिंत धुता येणं हे कायद्यानेही हवं आणि रोजच्या कामालाही.

जमिनीबद्दल थोडक्यात. फरश्यांखाली आजोबांच्या वेळची लाल सिमेंटची जमीन निघाली. दोन ठिकाणी तडे होते, ते भरून घेतले, घासून मेण दिलं. नवीन काही घालण्याची गरजच पडली नाही.

दिव्यांवर मात्र मी हट्ट धरला. इलेक्ट्रिशियनने नेहमीचे पांढरेफटक, ६५०० केल्विनचे दिवे आणले होते. बहीण म्हणाली, आधी माल खाली धरून बघू. काउंटरवर एका ताटात खोलची मिरची, सोलं, हळदकुंडं आणि काजू मांडले आणि वर एकेक दिवा लावत गेलो. ६५००च्या उजेडात सोलं नुसती काळी दिसली, कोळशाच्या चुऱ्यासारखी. ३००० केल्विनच्या स्वस्त दिव्याखाली सगळंच पिवळं झालं आणि मिरची विटकरी. तिसरा दिवाही ३०००चाच होता, पण त्याच्या खोक्यावर सीआरआय ९० पेक्षा जास्त लिहिलेलं होतं. तो लावला आणि सोलांच्या कडांना तो जांभळट लाल रंग आला जो उन्हात वाळत घातलेल्या सोलांवर दिसतो. बाबा बाकावरून उठून जवळ आले आणि म्हणाले, ‘आता ह्या वर्षीची आणि गेल्या वर्षीची वेगळी ओळखता येतील.’ मला याहून मोठं प्रमाणपत्र नको होतं.

त्यामागचं कारण नंतर नीट समजलं. सीआरआय म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं माप. पण ते आठ फिक्या रंगांच्या सरासरीवर काढतात. गडद लाल त्यात धरतच नाहीत, त्याचं माप वेगळं असतं, आर-९ नावाचं. साध्या ८० सीआरआयच्या एलईडीत हे आर-९ बऱ्याचदा शून्याच्या आसपास असतं. कपड्यांच्या किंवा पुस्तकांच्या दुकानाला कदाचित चालेल. मिरची, सोलं, आमसुली आगळ, लाल तांदूळ विकणाऱ्याला कसं चालेल? दिव्याचे पैसे वाचवू नका, असं मी कळकळीने सांगेन. आणि दिवा टोपल्यांवर पडू द्या, माणसांच्या डोळ्यांत नको. आमचे सगळे दिवे काउंटरच्या वरच्या फळीमागे लपवलेत, आणि उघड्या अन्नावर काच फुटून पडू नये म्हणून त्यांना झाकण आहे. छताच्या मधोमध दिवाच नाही. दुकान तरीही अंधारं वाटत नाही, कारण चुन्याची भिंत उजेड परत फेकते.

काउंटर फणसाच्या लाकडाचा. नवा असताना हळदीसारखा पिवळा होता, आता हळूहळू तपकिरी होत चाललाय. मेस्तांनी कडा गोल करून दिल्या, कारण आमच्याकडे लोक काउंटरला रेलून गप्पा मारतात. उंची ३६ इंच, पण एका टोकाला मुद्दाम ३० इंच ठेवलं आहे. तिथे वजनकाटा असतो. ठेंगण्या आजींना आकडा दिसला पाहिजे, आणि वजनमापे खात्याचा शिक्काही. तो शिक्का आणि १४ आकडी अन्नपरवाना लावायचा कुठे, यावर बहिणीशी माझं जरा वाजलं. तिला तो कागद दाराआडच्या भिंतीवर हवा होता. मी तो काट्याच्या वर, दिव्याच्या उजेडात, साध्या लाकडी चौकटीत लावला. विश्वासाची कागदपत्रं लपवून मिळणारी स्वच्छ भिंत मला नको.

दुकानाचा मधला भाग मोकळा ठेवायची कल्पना मात्र तिची आणि अगदी पटलेली. आमच्या माशेलच्या जुन्या घराला राजांगण आहे. मधे मोकळं अंगण, भोवती सोपे, सगळी कामं कडेकडेने चालतात आणि उजेड मधून येतो. दुकानातही माल तीन भिंतींना आणि मधे काही नाही. दोन बायका पिशव्या घेऊन समोरासमोर आल्या तरी एकमेकींना धक्का लागत नाही. फ्रीजच्या जागी दाराशी बसायला चिऱ्याचा सोपो बांधला. विक्रीच्या हिशेबाने ती सर्वांत महागडी जागा होती. पण बाजारात फिरून दमलेला म्हातारा माणूस तिथे बसतो, पाणी पितो, मग सावकाश यादी सांगतो.

बरण्यांच्या बाबतीत फोटोंनी सगळ्यांनाच भुरळ पाडलेली असते. ओळीने काचेच्या बरण्या, त्यांतून दिसणारे मसाले. दिसतात छान. पण उजेडात मिरचीचा रंग उडतो, काजूला खवट वास येतो, आणि पावसाळ्यात झाकण दहादा उघडलं की माडाच्या गुळाला पाझर फुटतो. आगरातल्या मिठातही मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते हवेतलं पाणी ओढतात. जाडं मीठ काचेत ठेवलं तर जुलैत तळाशी पाणी दिसतं. म्हणून काचेत फक्त तेच जे आठवड्यात संपतं आणि उजेडाला घाबरत नाही: अळसांदे, कुळीथ, नाचणी. मीठ आणि लोणची चिनी मातीच्या बरण्यांत. गूळ आणि काजू घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत, आणि डब्यापुढे छोट्या बशीत नमुना. नमुना रोज बदलायचा, हा आईचा नियम. सगळ्या डब्यांची झाकणं एकाच मापाची घेतली, त्यामुळे फळी शांत दिसते आणि घाईत चुकीचं झाकणही लागत नाही.

एक गोष्ट कोणी आधी सांगितली नव्हती, ती म्हणजे आवाज. खोकी, पोती, पिशव्या निघाल्यावर दुकान घुमायला लागलं. काट्यावर वजन ठेवलं तरी खणकन वाजायचं, आणि संध्याकाळच्या गर्दीत कोणाचं काय ते कळेना. डोळ्यांना शांत आणि कानांना गोंगाट, असं झालं. शेवटी छताला वुडवूलचे, म्हणजे लाकडाच्या तंतूंचे, आवाज शोषणारे बोर्ड लावले, भिंतीच्याच रंगाचे. वर कोणाचं लक्ष जात नाही, पण बाबांना आता कानाला हात लावून ऐकावं लागत नाही.

दुकान उघडलं तेव्हा पहिले काही दिवस लोक उंबऱ्याशी थबकायचे. एक नेहमीच्या मावशी बाहेरूनच म्हणाल्या, ‘आता भाव वाढले असतील ना गो?’ ही भीती अगदी खरी होती. शांत, मोकळं दुकान म्हणजे पर्यटकांसाठी, पणजीच्या बुटिकसारखं, असं मनात बसलंय. त्याच संध्याकाळी दाराशी काळा फळा लावला आणि त्यावर रोजचे भाव मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहायला सुरुवात केली: सोलं, मिरची, उकडे तांदूळ, गूळ, तुकडा काजू. बहिणीच्या आराखड्यात तो फळा नव्हता. आज दुकानातली सगळ्यात उपयोगाची वस्तू तीच आहे. सोलं मिळतात का, असंही आता कोणी विचारत नाही. लोक थेट टोपलीत हात घालतात, वास घेतात, बोटांनी दाबून बघतात.

विक्रीचं म्हणाल तर वेफर्स आणि शीतपेयांचा गल्ला गेला तो गेलाच, तो भरून यायला वेळ लागला. काजू आणि सोलं वाढली. आधी ती कोपऱ्यात होती, आता समोर आहेत, एवढाच त्याचा अर्थ मी लावते.

मग चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी आली. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीचं सामान ठेवायचं की नाही, हा घरात मोठा विषय झाला. नारळ, सुपाऱ्यांचे घोस, रानातली फळं, केळींचे घड, दोऱ्या, आंब्याचे टाळे. हे सगळं म्हणजे शांत दुकानाच्या अगदी उलट. मला क्षणभरही शंका नव्हती. चवथीला फोंड्यातलं दुकान भरलेलंच पाहिजे. मेस्तांनी आधीच मधल्या मोकळ्या जागेच्या वर छताला लाकडी चौकट बसवून दिली होती, घरातल्या माटोळीसारखीच. त्या दिवसांत सगळं तिच्यावर टांगलं. गणपती पोचवून झाल्यावर चौकट पुन्हा मोकळी. जागा रिकामी ठेवलेली असली की सणाला ती भरता येते. गच्च भरलेल्या दुकानात चवथीचं सामान आम्ही रस्त्यावर मांडायचो.

आता बाहेरचा नामफलक राहिलाय. कंपन्या अजूनही फुकट फ्लेक्स लावून द्यायला तयार असतात, आमचं नाव एका कोपऱ्यात आणि त्यांचं भलं मोठं. मला फणसाच्या फळीवर हाताने रंगवलेली देवनागरी अक्षरं हवी आहेत, पावसात टिकतील अशा ऑइल रंगात. मेस्त फळी तासून तयार ठेवणार आहेत. फोंडा, म्हार्दोळ, माशेल या भागात अजून हाताने अक्षरं काढणारे पेंटर कोणाला माहीत असतील तर जरूर कळवा, पुरुमेंताच्या आधी फलक चढवायचा आहे.